साखरताईंचा आवाज आणि भिंगरी

आमच्या कंपनीच्या तक्रार लाइनवर सगळ्यात भडकलेला ग्राहक साखरताईंकडे जायचा. तसा नियम कुणी कुठे लिहून ठेवलेला नव्हता. फ्रिज तिसऱ्यांदा बंद पडलेला, वॉशिंग मशीनचं पाणी थेट बसायच्या खोलीत आलेलं, मेकॅनिकने येतो येतो म्हणून टांग मारलेली, अशा माणसाने आवाज चढवला की आमची नवी पोरं घाबरून म्हणायची, "एक मिनिट हं सर, आमच्या सीनियर मॅडमशी बोला," आणि कॉल ताईंच्या कानात ढकलून मोकळी व्हायची. थोड्या वेळाने तो माणूस थंड झालेला असायचा. काही जण तर फोन ठेवताना ताईंनाच विचारायचे, तुमचं जेवण झालं का म्हणून.

त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर असायचं. बाकी सगळ्यांना त्या साखरताई.

माझं काम त्या आवाजाच्या पाठीमागच्या तारांचं. लाइन चालू ठेवणं, हेडसेट बदलून देणं, कॉलचं रेकॉर्डिंग नीट होतंय का बघणं. त्यामुळे ताईंचा चेहरा पाहायच्या खूप आधी मी त्यांचा आवाज ओळखत होते. त्या घरूनच काम करायच्या. आई अंथरुणाला खिळली तेव्हा कंपनीने त्यांना तशी सवलत दिली होती. पुढे आई गेली आणि सवलत तशीच राहिली, कारण ती परत मागून घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

ताईंच्या कॉलमध्ये कुत्र्याचा आवाज कधी यायला लागला हे मला नीट सांगता येणार नाही. सुरुवातीला रस्त्यावरचं असेल असं वाटलं. ताईही ग्राहकांना तेच सांगायच्या. पण रस्त्यावरचं कुत्रं इतक्या जवळून भुंकत नाही, आणि त्याच्या नखांची टकटक फरशीवर ऐकू येत नाही. एकदा एका गृहस्थांनी चिडून लेखी तक्रार केली, की मी इथे रडकुंडीला आलोय आणि तुमच्या मॅडमचं कुत्रं मला हसतंय. ऑफिसमध्ये दोन दिवस या वाक्यावर हशा पिकला. सुपरवायझर मात्र हसले नाहीत. त्यांनी ताईंना फोन केला. मी लाइन तपासत बाजूलाच बसले होते.

"ताई, तुम्हाला मी काय बोलणार. पण वरून विचारणा झालीये. या महिन्याचे तुमचे कॉल वरचे लोक स्वतः ऐकणार आहेत. कुत्रं ऐकू आलं तर घरून काम बंद. ऑफिसला यावं लागेल."

"समजू शकते मी तुमची अडचण," ताई म्हणाल्या, त्याच आवाजात. सुपरवायझरचा चेहरा सैलावला. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्यालाही तेच औषध पाजलं गेलं. "बाई जबरदस्त आहे," ते म्हणाले आणि मला सांगितलं, "तिच्या घरी जाऊन ये. आवाज गाळणारा काही हेडसेट असेल तर लावून दे."

अशी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले.

तिसरा मजला, दोन खोल्या. दार उघडताच एक बदामी रंगाचं वादळ माझ्या गुडघ्यावर आदळलं, सोफ्यावर चढलं, उतरलं, स्वयंपाकघरात जाऊन परत आलं आणि माझ्या बॅगेत तोंड घालून बसलं. "भिंगरी," ताई म्हणाल्या आणि बोटांनी चुटकी वाजवली. कुत्रीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

ताई उंच, सडपातळ, पन्नाशी ओलांडलेल्या. केस घट्ट बांधलेले. फोनवरच्या आवाजावरून मी एक गुबगुबीत बाई डोळ्यांसमोर आणली होती. समोरची बाई शांत, थोडी अवघडलेली होती आणि फार कमी बोलत होती. पाणी दिलं, खुर्ची पुढे केली, टेबलाकडे बोट दाखवलं. टेबल भिंतीला लावलेलं. त्या भिंतीवर आवाज घुमू नये म्हणून एक जुनी रजई खिळ्यांनी ठोकलेली. मागे आईची लोखंडी खाट, गादी गुंडाळून ठेवलेली. खिडकी बंद. पंखासुद्धा बंद, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये जाते. इतकी काळजी घेणारी बाई आणि तिच्या पायाशी ही अशी कुत्री.

मी हेडसेट जोडला आणि चाचणी घेतली. नव्या हेडसेटने रस्त्यावरचे हॉर्न गाळले, शेजारच्या कुकरची शिट्टी गाळली. भिंगरी मात्र जशीच्या तशी ऐकू येत होती.

"हिचं काही होणार नाही ताई," मी म्हटलं. "भुंकणं आणि माणसाचं बोलणं साधारण एकाच पट्टीत येतं. यंत्र एक कापायला गेलं की दुसरंही कापतं."

"म्हणजे यंत्राला आम्ही दोघी सारख्याच?"

"यंत्राला तरी तसंच वाटतं."

त्या जराशा हसल्या. मग चहा ठेवला आणि तुकड्यातुकड्याने भिंगरीची हकीगत सांगितली. भाचीने हट्ट धरला म्हणून भावाने पिल्लू आणलं. वर्षभरात त्याची बदली झाली. नव्या शहरात घर लावेपर्यंत पंधरा दिवस तुझ्याकडे ठेव, म्हणाला. त्या पंधरा दिवसांना आता दोन वर्षं होत आली होती. भिंगरी हे नाव भाचीनेच ठेवलेलं. पहिले काही महिने भाची दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची, कुत्री दाखव म्हणायची. आता तिची परीक्षा असते, नाहीतर क्लास असतो, नाहीतर मैत्रिणी असतात.

"मग ऑफिसला का येत नाही?" मी विचारलं.

त्यांनी दाराकडे बोट केलं. आतल्या बाजूने दार खालपासून कडीपर्यंत खरवडलेलं होतं, लाकडाचा पांढरा गाभा दिसत होता. "एक दिवस ट्रेनिंगला आले होते ऑफिसात. परत आले तर हिच्या पंजातून रक्त. शेजारच्यांनी सांगितलं, दिवसभर थांबली नाही. ऑफिसला जायचं तर हिला सोडायला हवं. हिला ठेवायचं तर घरी बसायला हवं. आणि घरी बसले की ही मला काम करू देत नाही. सांग आता, कुठलं बटण दाबायचं?"

भावालाही त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला होता. स्पीकरवर होता, कारण हात चहात गुंतले होते.

"अगं ताई, मग दे ना कुठल्यातरी संस्थेत. असतात तशा," भाऊ म्हणाला.

"तुझ्या लेकीला विचार आधी."

"ती कुठे विचारते आता? तिला मांजर हवंय."

"मांजरपण मग माझ्याकडेच आणून टाकशील."

"तू पण ना," भाऊ हसला. मागून वहिनीचा आवाज आला, जेवायला वाढलंय म्हणून. "बरं ठेवतो. तू काळजी करू नको. काहीतरी शांत करायचं औषध असेल बघ. नैसर्गिक. हल्ली सगळं मिळतं."

हे बोलणं ताईंनी मनावर घेतलं. माझं घर वाटेवरच होतं, त्यामुळे महिनाभर मी तिथे येत-जात राहिले. एकदा वायर बदलायला, एकदा माइकचा फोम द्यायला, पुढे काही कारण नसतानाही.

पहिली खरेदी कोपऱ्यावरच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात झाली. दुकानदार गोल, उत्साही माणूस. त्याने कॅमोमाइल फुलांची बिस्किटं काढली. "ताई, शंभर टक्के नैसर्गिक. माझी सासू खाईल तर तीसुद्धा शांत होईल."

"सासूंना देऊन बघितलंत का?"

"हिंमत नाही झाली," तो म्हणाला आणि बिस्किटांबरोबर लॅव्हेंडरच्या तेलाची बाटलीही पिशवीत टाकली.

बिस्किटं भिंगरीला इतकी आवडली की ती डब्यासमोर उभी राहून आणखी नाचायला लागली. लॅव्हेंडरचे दोन थेंब पट्ट्याला लावले तर तिने शिंकून शिंकून घर डोक्यावर घेतलं आणि मान सोफ्यावर घासून घासून सगळं तेल सोफ्याला दिलं. "सोफा शांत झालाय," ताईंनी मला सांगितलं. नंतर थेंब आले. कसल्याशा मुळाचा अर्क, ओल्या मोज्यांसारखा वास. ते उकडलेल्या अंड्यात कालवून द्यायचे. ते देताना मी एकदा हजर होते, आणि तेव्हा जे पाहिलं ते मला आधी गमतीचं वाटलं.

ताई वाटी घेऊन कुत्रीसमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मला खरंच वाईट वाटतं. मी आहे ना. आपण दोघी मिळून यातून मार्ग काढू."

कामाचा आवाज. तोच उतार, तोच संथपणा. बारा वर्षं भडकलेल्या माणसांना थंड करून करून त्यांना एवढी एकच रीत येत होती: आपला आवाज समोरच्यापेक्षा खाली न्यायचा, त्याचं दुःख त्याच्याच शब्दांत परत सांगायचं, आणि मधे गप्प राहायचं नाही. गप्प राहिलं की माणूस पुन्हा भडकतो. भिंगरीवरही त्यांनी तेच लावलं. भिंगरीने कान टवकारले, वाटी पालथी केली, दाराकडे धावली, खाटेखाली शिरली, बाहेर आली, पुन्हा दाराकडे. आणि भुंकायला लागली.

"बघ," ताई उठत म्हणाल्या. "मोठमोठे लोक गार होतात, आणि ही."

मग त्या मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला गेल्या. कामाची वेळ संपली की त्या घसा बंद ठेवायच्या. भाजीवाल्याला बोटाने दाखवायच्या, शेजारणीला मान हलवून उत्तर द्यायच्या, कुत्रीला चुटकी. घसा हेच त्यांचं हत्यार होतं, ते त्या फुकट वापरायच्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर वापरायला समोर होतं कोण.

दोन आठवडे असेच गेले. वरच्या लोकांनी कॉल मागवायला सुरुवात केली होती. मी एकदा दबकत म्हटलं, "ताई, रेकॉर्डिंग माझ्याच हातात असतं. भुंकण्याचा तेवढा तुकडा..."

"गप्प बस," त्या म्हणाल्या. "आज तू पुसशील, उद्या ती परत भुंकेल. तू वयाने लहान आहेस. असलं काही शिकू नको."

त्याच आठवड्यात ते झालं. मी तिथे नव्हते. मी ऐकलं ते रेकॉर्डिंगवर, दुसऱ्या दिवशी.

ओव्हनच्या काचेला तडा गेला म्हणून चिडलेले एक काका बोलत होते. ताई त्यांना समजावत होत्या. घर शांत होतं, इतकं शांत की माझ्याही लक्षात आलं. काका बोलत राहिले. ताईंचं एक वाक्य अर्ध्यावर तुटलं. मग नुसती शांतता. बारा वर्षांत त्यांच्या कॉलवर कधी पडली नसेल अशी. काका म्हणत होते, "हॅलो? मॅडम? हॅलो?" आणि खूप लांबून, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, एक आवाज आला. मला आधी वाटलं घरात दुसरं कुणीतरी आहे. चिरका, घोगरा, घाबरलेला आवाज. "ए, ऊठ. ऊठ गं बाई. ए भिंगे. ऊठ ना गं."

हेडसेट कानात असूनही मी खोलीत इकडेतिकडे पाहिलं.

झालं होतं असं. थेंबांनी काही फरक पडेना म्हणून दुकानदाराने नवी, जास्त ताकदीची बिस्किटं दिली होती. ताईंनी दोन्ही चालू ठेवली. हे फुलांचं आणि ते मुळाचं, हे खाऊ आणि ते औषध, असा त्यांचा हिशोब. पण नव्या बिस्किटांतही तोच मुळाचा अर्क होता, पुडक्यावर फक्त त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव छापलेलं. भिंगरी टेबलाखाली निपचित पडली होती. हाक मारली तर डोळे अर्धे उघडायचे आणि मिटायचे. ताईंनी काकांना तसंच लाइनवर सोडलं, अठरा किलोची कुत्री खांद्यावर घेतली आणि तीन जिने उतरून दवाखाना गाठला.

तिथून त्यांनी मला बोलावलं. मी पोचले तेव्हा भिंगरी सलाइन लावून टेबलावर पडली होती आणि शेपटीचं टोक हलवत होती. डॉक्टरीणबाई वयाने ताईंएवढ्याच, बोलायला रोखठोक.

"नैसर्गिक आहे म्हणून कितीही द्यायचं असतं का? धोतराही नैसर्गिकच असतो," त्या म्हणाल्या. "वाचली आहे ती, उद्यापर्यंत उड्या मारेल. पण इथून पुढे वजन बघितल्याशिवाय आणि मला विचारल्याशिवाय फूल नाही की मूळ नाही."

ताई मान खाली घालून उभ्या होत्या.

"ही बिथरते कधी? घंटा वाजली की? फटाके? दुसरी कुत्री?"

"मी कामाला बसले की."

"काम काय?"

"बोलायचं."

"कुणाशी?"

"फोनवर. लोकांशी. ही पोरगी ते रेकॉर्ड करते."

"आणि एरवी हिच्याशी?"

ताईंना प्रश्नच कळला नाही. "एरवी काय बोलायचं असतं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग मला म्हणाल्या, "तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं ना? नेमकं कशानंतर भुंकते ते ऐका आणि यांना सांगा."

मी ऐकलं. एक संध्याकाळ पुरली. पडद्यावर आवाजाची रेघ असते, वर-खाली होणारी. ताईंची रेघ सुरुवातीला सपाट, नेहमीच्या चौकशीची. तक्रार क्रमांक, पत्ता, मॉडेल. तोवर कुत्री गप्प. मग समोरचा चिडतो, ताईंचा आवाज खाली उतरतो, मऊ होतो, "मी आहे ना" येतं. आणि लगेच नखांची टकटक, दार, खाट, दार, भुंकणं. दरवेळी तसंच. चिडलेल्या ग्राहकाचा आवाज तिला ऐकूच येत नव्हता, तो हेडसेटमध्ये होता. तिला ऐकू येत होत्या फक्त ताई. एरवी घरात कुणाशी न बोलणारी बाई अचानक कुणाशी तरी इतक्या मायेने बोलायला लागते. म्हणजे कुणीतरी आलंय. ती शोधत होती.

फोनवर हे ताईंना सांगताना मला शब्द जुळवावे लागले.

"म्हणजे तिला वाटतं घरात कुणीतरी आलंय."

"हो."

"आणि रोज शोधते."

"हो ताई."

"बरं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मग एकच गोष्ट ठरवून दिली, दुधातल्या प्रथिनापासून केलेली एक साधी कॅप्सूल, सकाळी अर्धी. बाकी सगळा डबा कचऱ्यात. कामाला बसायच्या आधी लांब फिरवून आणायचं. "आणि दिवसभर हिच्याशी बोला," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज म्हणजे पाहुणा आला, हे तिच्या डोक्यातून जायला पाहिजे. कॅप्सूल थोडी मदत करेल. पण घरात कुणी बोलत नाही यावर काही ती औषध नाही. दोन-चार महिने लागतील."

दोन-चार महिने ताईंकडे नव्हते.

तरी त्यांनी मनापासून केलं. सकाळी कॅप्सूल दह्यात. मोठ्या मैदानाला दोन फेऱ्या. मग घरी येऊन बोलणं. आणि इथे त्या अडल्या. मी एकदा रविवारी गेले तेव्हा त्या सोफ्यावर ताठ बसल्या होत्या, मुलाखतीला बसावं तशा, आणि भिंगरी समोर.

"सांग ना," त्या मला म्हणाल्या, "काय बोलतात कुत्र्याशी?"

"काहीही. आज ऊन आहे. कांदे संपलेत. काहीही."

त्यांनी प्रयत्न केला. "आज... आज ऊन आहे." थांबल्या. "मला समजतंय की तुम्हाला..." भिंगरी उठून दाराकडे पळाली.

"येतच नाही गं," ताई म्हणाल्या. "समोर तक्रार नसली की मला पुढचं वाक्य सुचत नाही." हे त्यांनी हसत सांगितलं, पण लगेच उठून गादीची गुंडाळी सरळ करायला लागल्या. ती आधीच सरळ होती.

मी त्यांना आठवण करून दिली की दवाखान्यात न्यायच्या आधी त्या भिंगरीला हाका मारत होत्या, तो आवाज मी ऐकलाय. त्यांना ते पटेना. मी तसं काही बोललेच नाही, म्हणाल्या. मी फोनवर ते तेवढं ऐकवलं. "ए भिंगे. ऊठ ना गं." त्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला.

"किती घाण आवाज आहे," त्या म्हणाल्या. "आई रागावली की असाच यायचा तिचा."

टेबलाखालून भिंगरी मात्र आली होती आणि फोनकडे तोंड करून शेपटी हलवत उभी होती. दाराकडे गेली नव्हती.

महिना संपायला आला. वरच्या लोकांचा अहवाल आला आणि त्यात कुत्रं होतंच. ओव्हनवाले काका होते, अर्ध्यात सोडलेले. सुपरवायझरांनी ताईंना ऑफिसात बोलावलं. भिंगरीजवळ मी बसले, त्यामुळे पुढचं मला सुपरवायझरांकडूनच कळलं. ते अजूनही हे सांगताना गोंधळतात.

त्यांनी ताईंसाठी खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलं होतं. जवळच्या बस थांब्याची चौकशीही करून ठेवली होती. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चॅटवर जागा आहे ना?"

चॅट म्हणजे लेखी तक्रारी. ग्राहक टाइप करतो, आपण टाइप करायचं. तिथे नवी पोरं बसतात, बोलायला न जमणारी. बहुतेक उत्तरं तयार असतात, नुसतं निवडायचं. बढतीत तिथून कुणी वर आलेलं मला माहीत नाही.

"ताई, तुम्ही चॅटवर?" सुपरवायझर म्हणाले. "तुमचा आवाज, ताई. अख्खी लाइन त्याच्यावर उभी आहे."

"चॅट घरून करता येतं ना?"

"येतं. पण..."

"मग झालं."

"कुत्र्यासाठी?"

"तसं म्हणा," ताई म्हणाल्या.

त्यांचा शेवटचा कॉल मी ऐकला. कुणा बाईच्या फ्रिजचं दार नीट लागत नव्हतं. बाई चिडलेली नव्हती, त्यामुळे ताईंना आवाज खाली न्यायची गरजच पडली नाही. मॉडेल क्रमांक घेतला, मेकॅनिक उद्या येईल म्हणाल्या, धन्यवाद म्हणाल्या. आणखी काही प्रश्न आहे का, असं विचारलं. नव्हता.

नंतर कितीतरी दिवस लाइनवर लोक विचारायचे, त्या मॅडम कुठे गेल्या. एकाने तर नाव सांगता येईना म्हणून आवाजाची नक्कल करून दाखवली. नव्या पोरांना सांगितलं होतं, त्यांची बदली झाली म्हणून सांगा.

मी पुन्हा गेले ती हेडसेट आणायला, कारण तो कंपनीचा होता. या वेळी दारावर वादळ आदळलं नाही. भिंगरी उठली, माझे बूट हुंगले, जवळ येऊन अंग घासलं आणि टेबलाखाली परत गेली. ताई टाइप करत होत्या. खिडकी उघडी होती, पंखा फिरत होता, भिंतीवरची रजई काढलेली, खिळ्यांची भोकं तेवढी दिसत होती. आता कुठलाही आवाज झाला तरी चालणार होता, आणि खोलीत कळफलकाच्या टकटकीखेरीज काही नव्हतं.

"कॅप्सूल?" मी विचारलं.

त्यांनी घसा खाकरला. सकाळपासून पहिल्यांदाच बोलत असाव्यात, आवाज यायला वेळ लागला. "चालू आहे. अर्धीची पाव केली डॉक्टरांनी."

"छान झालीये ही."

"झालीये."

पडद्यावर कुणीतरी उद्गारचिन्हांची रांग लावून ओरडत होतं. ताईंनी तयार उत्तरांतलं एक निवडलं. झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पाठवलं. पलीकडून आणखी उद्गारचिन्हं आली. त्यांनी दुसरं निवडलं.

"अशाने तो शांत होतो का?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "दमतो आणि निघून जातो."

मी हेडसेटची वायर गुंडाळत होते ते त्या बघत होत्या. माझ्या हातून घेऊन त्यांनी माइकचा फोम रुमालाने पुसला, कानाच्या गाद्या पुसल्या, परत दिला. "कुणाला मिळणार हा?"

"नवीन आलाय एक जण."

"त्याला सांग, ओठांच्या फार जवळ धरू नको. श्वास ऐकू येतो."

चहा झाला. भाचीचा विषय निघाला, तिने मांजर आणलं होतं, फोटो आला होता. फोटो त्यांनी मला दाखवला आणि भिंगरीलाही दाखवला, सवयीने. मग बोलायचं संपलं. मला जायला हवं होतं आणि मी उगीचच बॅगेची चेन पुन्हा उघडून लावत होते. "येत जा," त्या म्हणाल्या. "आता कामाचं काही नसलं तरी." मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात मला दुसऱ्या शाखेत पाठवणार होते. ते सांगायचं मी ठरवून आले होते आणि सांगितलं नाही.

जिना उतरायला लागले तर भिंगरी दाराबाहेर येऊन पायरीवर बसली. पहिल्या वळणावरून मी वर पाहिलं, ती माझ्याकडेच बघत होती, मान तिरकी करून. दुसऱ्या वळणावरून ती दिसेना. वर दार उघडंच होतं.

"ए भिंगे," ताईंचा आवाज आला. घोगरा, कोरडा, आईवर गेलेला. "गेली ती. ये आत."

नखांची टकटक झाली आणि दार लागलं.